बेळगाव ते लंडन: किलोमीटर किती आणि तास किती?

खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. त्यांच्या मुलीला लंडनला एमएस्सीसाठी प्रवेश मिळालाय आणि सप्टेंबरात निघायचंय. इंटरनेटवर बेळगाव ते लंडन अंतर ७,६०० किलोमीटर आणि विमानाचा वेळ साडेआठ तास असं दिसतं, पण एजंटाने दाखवलेल्या तिकिटावर प्रवास २१ तासांचा आहे. ते विचारतात, एजंट फसवतोय का? आणि मुलीला मुंबईवरून पाठवावं, बंगळूरवरून की गोव्यावरून?

आधी अभिनंदन. आणि एजंट फसवत नाही, एवढं निश्चिंत मनाने धरून चाला. बेळगावात तिकिटांचं काम करताना बाहेरदेशी निघालेल्या मुलामुलींचे आईवडील माझ्यासमोर येऊन बसतात, तेव्हा बहुतेकांच्या मोबाइलवर हाच साडेआठचा आकडा असतो. तो खोटा नाही, पण त्या आकड्याचं विमान कुठल्याही विमानतळावरून सुटत नाही. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, लंडनला थेट विमान नाही. त्यामुळे "अंतर किती" यापेक्षा "खानापूरच्या घरातून निघाल्यापासून लंडनच्या खोलीत पोचेपर्यंत किती वेळ, आणि त्यात कुठे अडकण्याची भीती जास्त" हा तुमचा खरा प्रश्न आहे. उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे: तारीख, विमान कंपनी, सामान किती, आणि सगळ्यात जास्त म्हणजे तिकीट एक आहे की दोन.

आधी तो साडेआठचा आकडा येतो कुठून ते पाहू. पृथ्वी गोल आहे, म्हणून दोन गावांमधलं सगळ्यात कमी अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून सापडत नाही. नारळावर दोन खुणा करून त्यांच्यामध्ये दोरी ताणून धरली की ती जशी बसते, तसा तो मार्ग असतो. सांबरा ते लंडनचं हीथ्रो विमानतळ असा मार्ग मोजला की सुमारे ७,६०० किलोमीटर भरतात. मोठं जेट विमान वर स्थिरावल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. त्याने भागलं की साडेआठ तास. या हिशेबात विमान धावपट्टीकडे रांगत जाणं नाही, चढणं-उतरणं नाही, वारा नाही, देशांच्या सीमा नाहीत आणि मुंबईत बसून काढायचे तासही नाहीत.

आता विमान खरोखर कुठून जातं ते पाहा. मुंबई ते लंडनची ताणलेली दोरी सुमारे ७,२०० किलोमीटरची आहे. ती पाकिस्तानच्या बलुचिस्तानवरून, मग इराण, कॉकेशस, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जाते. ही नावं वाचूनच तुमच्या लक्षात आलं असेल. युक्रेनचं आकाश २०२२ च्या फेब्रुवारीपासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. आखातात काही बिनसलं की तिथलेही मार्ग वळवावे लागतात. म्हणून आपली विमानं अरबी समुद्रावरून दक्षिणेकडून वळसा घेऊन जातात. दिल्लीहून निघणाऱ्या विमानांना या वळशाचा त्रास जास्त होतो, मुंबईला त्यामानाने कमी, कारण समुद्र दारातच आहे. पण वळसा तो वळसाच. मुंबई–लंडन थेट विमानाला वेळापत्रकात साडेनऊ ते दहा तास दिसतात ते यामुळेही, आणि वाऱ्यामुळेही.

वाऱ्याचं थोडं समजून घ्या, कारण जाताना आणि येताना वेळ वेगळी का, हे मला दर वेळी विचारतात. काही जण सांगतात की पृथ्वी फिरते म्हणून असं होतं. तसं नाही. पृथ्वीबरोबर तिच्या भोवतीची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच असतं. फरक पडतो तो साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याच्या पट्ट्यांमुळे. त्यांचा वेग ताशी शंभर-दोनशे किलोमीटर सहज असतो आणि थंडीच्या महिन्यांत तो आणखी वाढतो. लंडनला जाताना तो वारा तोंडावर येतो, घरी येताना पाठीवर. त्यामुळे मुलगी सुट्टीला परत येईल तेव्हाचा प्रवास नऊ तासांच्या आसपास दिसला तर दचकू नका.

हा वारा किती मोठा हिशेब बदलतो, त्याचं माझं आवडतं उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं आहे. एअर इंडिया हे विमान आधी अटलांटिकवरून नेत असे. सुमारे १३,९०० किलोमीटर आणि सोळा तासांहून जास्त. २०१६ च्या ऑक्टोबरात त्यांनी ते उलट दिशेने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० ने जास्त, आणि वेळ लागला साडेचौदा तास. जास्त लांबचा रस्ता आणि तरी आधी पोचलं. किलोमीटर बघून विमानाची वेळ ठरवता येत नाही, हे याहून चांगलं कुणाला पटवून देता येणार नाही.

आता तुमचा प्रश्न: मुंबई, बंगळूर की गोवा?

नुसत्या अंतराकडे पाहिलं तर मुंबई. यात एक गंमतीची गोष्ट आहे. सांबरा ते मुंबई हवाई अंतर जेमतेम ४०० किलोमीटर, आणि मुंबई ते लंडन ७,२००. बेरीज ७,६००, म्हणजे थेट अंतराएवढीच. मुंबई आपल्या लंडनच्या वाटेवरच आहे, वाकडी वाट नाही. बंगळूरचं तसं नाही. सांबऱ्याहून बंगळूर सुमारे ४४० किलोमीटर, तेही आग्नेयेला, लंडनच्या अगदी उलट दिशेला. तिथून लंडन सुमारे ८,०००. म्हणजे एकूण साधारण ९०० किलोमीटरचा फेरा आणि हवेत तासभर जास्त. दुबईवरून गेलात तर मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–लंडन साधारण ५,५००. थेट मुंबई–लंडनपेक्षा दोनशेच किलोमीटर जास्त होतात, वेळ वाढतो तो दुबईत उतरून थांबण्याचा.

पण मी निर्णय अंतरावर घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नका. प्रवास फसतो तो जोडावर. सांबऱ्याहून मुंबईला पोचणारं विमान आणि मुंबईहून सुटणारं विमान यांच्या मधल्या त्या तासांत सगळा जीव अडकलेला असतो.

जोड दोन प्रकारचा असतो. पहिल्या प्रकारात बेळगाव ते लंडन सगळं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर असतं. सांबऱ्याला दिलेली बॅग सहसा थेट लंडनला मिळते. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची. दुसऱ्या प्रकारात बेळगाव–मुंबई एक तिकीट आणि मुंबई–लंडन वेगळं. हे बऱ्याचदा स्वस्त दिसतं. पण मग मुंबईत बॅग घ्यायची, पुन्हा रांगेत उभं राहायचं, आणि पहिलं विमान रद्द झालं तर लंडनचं तिकीट गेलं. पहिल्या कंपनीला दुसऱ्या तिकिटाशी देणंघेणं नसतं. मुंबईत टर्मिनल एक आणि टर्मिनल दोन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत हेही ध्यानात ठेवा. देशातलं विमान सांताक्रूझच्या टर्मिनल एकला उतरलं तर लंडनच्या विमानासाठी सहारच्या टर्मिनल दोनला रस्त्याने जावं लागतं. शिवाय २०२५ च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालेलं नवी मुंबईचं विमानतळ आहे. तिकिटावर नुसतं मुंबई दिसलं म्हणून समाधान मानू नका, कुठलं विमानतळ आणि कुठलं टर्मिनल ते बोट ठेवून वाचा.

वजनाचाही यात भाग आहे. देशातल्या विमानात बहुतेक कंपन्या पंधरा किलोची बॅग नेऊ देतात. लंडनच्या तिकिटावर २३ किलोची एक किंवा दोन. एकच तिकीट असेल तर सहसा लंडनचाच नियम सांबऱ्यापासून लागतो. दोन तिकिटं असतील तर सांबऱ्याच्या काउंटरवर पंधराच्या वरच्या प्रत्येक किलोचे पैसे मोजावे लागतात. वर्षभराचं शिकायला निघालेल्या मुलीच्या बॅगेत लोणचं, चटण्या, पापड, कुंदा, स्वेटर सगळं असतं. दोन तिकिटांतून वाचलेले पैसे तिथेच जातात.

म्हणून माझं मत सरळ आहे. एकाच तिकिटावर बंगळूरवरून जाणारा प्रवास, तासाभराचा फेरा पडत असला तरी, दोन तिकिटांच्या मुंबईपेक्षा बरा. एकाच तिकिटावर मुंबई मिळाली तर प्रश्नच नाही, तीच घ्या. आणि एक तिकीट असलं तरी मुंबईत उतरणं आणि लंडनचं विमान सुटणं यांत चार तास तरी असू द्या. दोन-अडीच तासांचा जोड वेबसाइट विकते. पहिल्यांदाच एकटीने निघालेल्या मुलीला त्यावर पाठवू नये. इमिग्रेशनची रांग, सुरक्षा तपासणी, आणि पावसाळा संपला नसेल तर वरून मुंबईचा पाऊस. सप्टेंबरात सांबऱ्यालाही ढग खाली उतरून विमानं उशिरा येतात किंवा दुसरीकडे वळवली जातात. इथून मुंबईला दिवसभर तासातासाला विमान नाही. एक रद्द झालं की दुसरं कधी, हा प्रश्न उरतोच. त्यामुळे दोन तिकिटं घ्यायचीच असली तर मुंबईला आदल्या दिवशी पोचवा, नातेवाइकांकडे मुक्काम करा.

एजंटाच्या त्या २१ तासांची फोड आता जमेल. मुंबईवरून, एका तिकिटावर धरू. सांबऱ्याहून मुंबई सव्वा तास. मुंबईत थांबणं, समजा आठ-साडेआठ तास. लंडनचं विमान दहा तास. इथेच एकोणीस-वीस झाले, तिकिटावरचा आकडा यात थांबण्याच्या तासांनुसार खालीवर होतो. त्यात तुमचं खानापूर ते सांबरा तास-सव्वा तास, विमानाच्या दोन तास आधी पोचणं आणि हीथ्रोला इमिग्रेशन व बॅग मिळेपर्यंत दीड-दोन तास मिळवा. घर ते दार म्हटलं तर चोवीस-पंचवीस तास. थांबणं पाच तासांवर आलं तर हे सगळं २१-२२ मध्ये बसतं. लक्षात घ्या, यात हवेतले तास सव्वाअकराच्या पुढे जात नाहीत.

रस्त्याने मुंबई गाठायचा विचार कराल, कारण सगळ्यांना पोचवायला यायचं असतं. बेळगाव ते मुंबई रस्त्याने पाचशेच्या आसपास किलोमीटर, खानापूरहून आणखी पंचवीस. गाडीने दहा-अकरा तास धरा. आणि तो रस्ता पावसाळ्यात बेभरवशाचा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुराचं पाणी महामार्गावर आलं, निपाणीजवळ यमगर्णीला आणि कोल्हापूरजवळ शिरोलीला, आणि वाहतूक बंद पडली, हे तुम्ही विसरला नसाल. एसटीच्या भरवशावर असाल तर आणखी एक. सीमेवर वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबतात. २०२२ च्या डिसेंबरात झालं, २०२५ च्या फेब्रुवारीत झालं. त्यामुळे गाडीने किंवा बसने जाणार असाल तर विमानाच्या दिवशी नव्हे, आदल्या दिवशी सकाळी निघा. रेल्वेचा पर्याय आहेच, पण तिकीट कन्फर्म असेल तरच.

बंगळूरलाही रात्रीच्या गाडीने लोक जातात. तिथे एक गोष्ट सुटते. विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या उत्तरेला आहे, आणि आपली बस तुमकूर रस्त्याने शहरात शिरते. सकाळच्या गर्दीत तिथून विमानतळ गाठायला दीड-दोन तास लागू शकतात. ते तास कुणी मोजत नाही.

गोव्याचं थोडक्यात. गोव्याहून आखाती शहरांकडे विमानं जातात आणि तिथून लंडनचा जोड मिळतो, कधी भाडंही बरं असतं. पण तिथे दोन विमानतळ आहेत. दाबोळी वास्कोजवळ, दक्षिणेला. मोपा पेडण्यात, उत्तरेला, २०२३ च्या जानेवारीपासून सुरू. एकाऐवजी दुसऱ्याला पोचलात तर विमान चुकलंच म्हणून समजा. आणि जांबोटी–कणकुंबी–चोर्ला घाट सप्टेंबरातही धुक्यात आणि पावसात असतो. मी तुमच्या मुलीसाठी गोवा तिसऱ्या क्रमांकावर ठेवीन. हुबळी आणि कोल्हापूर ही विमानतळंही जवळ आहेत, पण तिथूनही पुढे मुंबई-बंगळूरच गाठायचं असल्याने लंडनसाठी वेगळा फायदा मला दिसत नाही. सांबऱ्याचं त्या दिवसाचं विमान नसेल तर हुबळी पाहा.

आता तिकीट वाचायचं कसं, कारण यात मी सगळ्यात जास्त गोंधळ पाहिलाय. तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची. सप्टेंबरात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. समजा मुंबईहून पहाटे दोनला निघून लंडनला सकाळी सातला पोचतं असं लिहिलंय. घड्याळात पाच तास दिसतात. त्यात साडेचार मिळवा, प्रवास साडेनऊ तासांचा. परत येताना उलटं. लंडनहून सकाळी दहाला निघून मुंबईला रात्री साडेअकराला पोचतं, घड्याळात साडेतेरा. त्यातून साडेचार वजा करा, प्रवास नऊ तासांचा.

आणि मध्यरात्रीची तारीख. तिकिटावर १२ तारीख, वेळ ००:४० असं असेल तर ते विमान ११ तारखेच्या रात्री सुटतं. तुम्हाला ११ ला संध्याकाळी विमानतळावर असायला हवं. आपल्याकडे "बारा तारखेची रात्र" म्हटलं की मनात येते ती बारा तारखेच्या जेवणानंतरची रात्र, आणि तोवर विमान जाऊन एक दिवस झालेला असतो. कॅलेंडरवर ११ तारखेच्या चौकटीत "आज रात्री विमानतळ" असं घरातल्या सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवा.

दुबई-दोहासारख्या ठिकाणी उतरून पुढे जायचं असेल तर बॅग थेट लंडनपर्यंत आहे का आणि मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधी विचारा, नंतर नाही. येताना मात्र एक वेगळं. परदेशातून येताना कस्टम्स सहसा भारतातल्या पहिल्या विमानतळावर होतं. म्हणून मुंबईला बॅग घ्यायची, कस्टम्समधून बाहेर यायचं आणि बेळगावच्या विमानासाठी परत द्यायची. तिकीट एक असलं तरी. परतीच्या जोडाला म्हणूनच चार तासही मला कमी वाटतात.

तुम्ही आता एवढं करा. एजंटाला विचारा की २१ तासांचं ते तिकीट एकाच पीएनआरवर आहे का, मुंबई असेल तर कुठलं विमानतळ आणि कुठलं टर्मिनल, जोड किती तासांचा, आणि सांबऱ्याहून किती किलो चालतील. विद्यापीठाने हजर राहायची तारीख दिली असेल तर तिच्या दोन-तीन दिवस आधीचं विमान मागा, म्हणजे एक दिवस हुकला तरी मुलीचं काही अडणार नाही. चारही उत्तरं आणि तारीख कळवा, पैसे भरण्याआधी मी ते तिकीट पाहून सांगतो.